तांब्याची नळी

दुसरा टर्बो पुण्याहून आला तेव्हा १९८६ सालचा फेब्रुवारी लागला होता. लाकडी खोका वर्कशॉपच्या दारात उतरवला गेला आणि पेंडसे साहेबांनी शिपायाकरवी श्रीपत रामटेकेला बोलावणं धाडलं.

श्रीपत पाटबंधारे खात्याच्या त्या वर्कशॉपचा हेड फिटर. मूळचा भंडाऱ्याकडचा. एकोणीस वर्षांपूर्वी सरकारी नोकरीच्या मागोमाग लखनौला आला आणि इथलाच होऊन गेला. चालत्या इंजिनाजवळ दोन मिनिटं नुसता उभा राहिला तरी बिघाड कुठे आहे ते तो सांगे, आणि खात्यात त्याच्या शब्दाला वजन होतं. पण गेल्या सप्टेंबरपासून तो फारसा बोलत नसे. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचा, काम सांगितलं तर करायचा, संध्याकाळी वेळेवर घरी जायचा. बायको सुभद्रा ताटात वाढेल ते खायचा. एकदा तिने भाजीत मीठच घातलं नव्हतं. पहिला घास घेऊन तिने जीभ चावली आणि त्याच्याकडे पाहिलं, तर त्याची दोन पोळ्यांची भाजी संपलेली होती.

"बसा," पेंडसे साहेब म्हणाले. नंदकुमार पेंडसे खात्याचे अभियंता, पुण्याचे. वर्कशॉपात त्यांच्याशी मराठीत बोलणारा श्रीपत एकटाच. "बख्शी का तालाबच्या पंपावर नवं इंजिन बसलंय, ठाऊकच आहे तुम्हाला. त्यावर हा चढवायचाय. गव्हाचं शेवटचं पाणी तोंडावर आलंय. तुमच्याशिवाय कोण करणार?"

"हो साहेब."

"या वेळी सामान पुरं आहे. यादी मी स्वतः तपासली."

"हो साहेब."

साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. तो आणखी काही बोलेल असं त्यांना वाटत असावं. श्रीपतलाही वाटत होतं की आता आतून काहीतरी वर येईल, भीती म्हणा, संताप म्हणा. तो वाट पाहत राहिला. बाहेर अंगणात कुणी ट्रक मागे घेत होतं आणि त्याचा गिअर कुरकुरत होता. तेवढंच त्याला जाणवलं.

पहिला टर्बो त्यानेच बसवला होता, लखनौबाहेरच्या त्याच पंपावर, आदल्या ऑगस्टमध्ये. कालव्याचं पाणी वरच्या शेतांना चढत नव्हतं, इंजिनाचा जोर अपुरा पडत होता. नवं मोठं इंजिन घेण्यापेक्षा आहे त्याच इंजिनाला टर्बो लावावा असं वरून ठरलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या झोताने फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि इंजिनाची ताकद वाढते. पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो, त्यामुळे त्याच्या दांड्याला सतत दाबाचं तेल लागतं. ते तेल इंजिनातून एका बारीक नळीने वर आणायचं. सगळ्या जोडणीत तीच नळी सर्वांत स्वस्त, आणि तिच्याकडेच लक्ष जास्त द्यावं लागतं.

पहिल्या खोक्यात ती नळीच नव्हती. यादीत होती, खोक्यात नव्हती. पोलादी जाळीची लवचिक नळी यायला तीन आठवडे लागतील असं कळलं, आणि चार दिवसांवर वरच्या साहेबांची पाहणी आली होती.

"थांबू या, साहेब," श्रीपत म्हणाला होता.

"तांब्याची करा की तुम्ही! तुमच्या हातची नळी त्या विकतच्या नळीपेक्षा सरस होईल. पाहणी होऊ द्या, मग बदला."

श्रीपतने तांब्याची नळी केली. काम देखणं झालं. वळणं अशी सुबक की कुठे सुरकुती नाही. पाहणीला आलेल्या साहेबांनी त्या नळीवरून बोट फिरवून विचारलं होतं, हे कुणी केलं? तांबं हादऱ्याने कडक होतं आणि मग तडकतं हे त्याला माहीत नव्हतं का? होतं. नळीला आधाराची पकड हवी होती, मध्ये एक सैल वळसा हवा होता. पण जागा अडचणीची होती, दिवस कमी होते. तीन आठवड्यांनी बदलायचीच आहे, असं तो मनाशी म्हणाला. मग तीन आठवडे होऊन गेले, जाळीची नळी काही आली नाही, आणि तो दुसऱ्या कामांत गुंतला.

पंप चालवायला दादाराव होता. दादाराव गजभिये, त्याच्याच मुलखातला, सात वर्षांनी लहान. श्रीपतनेच त्याला खात्यात चिकटवलं होतं. एका गुरुवारी तो मुद्दाम सायकल हाणत वर्कशॉपात आला.

"जयभीम, भाऊ. टर्बोजवळ तेलाचा वास येऊन राहिला."

"गळून राहिलं का?"

"गळताना दिसत नाही. पण बोट फिरवलं का ओलं लागते."

"सोमवारी येतो मी. तोवर पुसत जा."

शनिवारी दुपारी नळी टोकाशी तडकली. दाबाचं तेल धुराच्या तापून लाल झालेल्या नळकांड्यावर फवाऱ्यासारखं उडालं आणि पेटलं. डिझेलची टाकी शेडमध्येच होती. दादाराव पळाला असता तर वाचला असता. तो आत गेला आणि त्याने टाकीची तोटी बंद केली. शेड वाचली. दादाराव तीन दिवस इस्पितळात होता आणि मंगळवारी गेला.

चौकशी पेंडसे साहेबांनीच केली. अहवालात लिहिलं की ऑपरेटर इंजिनाजवळ बीडी ओढत होता, त्याच्या निष्काळजीपणाने आग लागली. तेलाची नळी सुस्थितीत होती असंही एक वाक्य होतं, आणि त्या वाक्याखाली हेड फिटरची सही हवी होती. जळालेल्या इंजिनावरून श्रीपतने स्वतः काढलेला नळीचा तुकडा तेव्हा साहेबांच्या टेबलावर, कागदाच्या शेजारी पडलेला होता.

"दादाराव आता परत येणार नाही, श्रीपत," साहेब म्हणाले. "तुम्हालाही लेकरंबाळं आहेत. मलाही आहेत."

श्रीपतने सही केली. सही करताना मनात काही हललं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. तेव्हापासून ते असंच चाललं होतं.

बख्शी का तालाबच्या पंपावर तो सोमवारी पोचला. शेड नव्याने रंगवली होती. चारी बाजूंना गहू उभा होता आणि जवळच्या विमानतळावरून उडालेलं एक विमान डोक्यावरून गेलं तेव्हा पत्रे थरथरले. नवा ऑपरेटर रामआसरे जवळच्याच गावचा, पन्नाशीचा बोलका माणूस. त्याने बसायला पोतं अंथरलं, चहा आणला, आणि समोर उकिडवा बसला.

"पहलेवाला तो बीड़ी में जल गया ना, मिस्त्री जी? सब यही कहते हैं."

श्रीपत खोक्याचे खिळे उपसत होता. "नहीं," तो म्हणाला. "वह बीड़ी नहीं पीता था."

"अच्छा? तो फिर?"

श्रीपतने पुढचा खिळा उपसला. पण शब्द तोंडातून गेले होते. पाच महिन्यांत दादारावबद्दल तो पहिल्यांदा काही बोलला होता, आणि तेही एका अनोळखी माणसाशी. पुढचे पाच दिवस त्याने टर्बो बसवला, धुराची आणि हवेची नळकांडी जोडली. तेलाची नळी तेवढी राहिली. ती खोक्यात होती या वेळी, पोलादी जाळीची, नवीकोरी, कागदात गुंडाळलेली. त्याने ती हातात घेतली आणि परत कागदात ठेवली.

रविवारी दुपारी त्याने सदरा बदलला.

"कुठं चालले?" सुभद्राने विचारलं.

"गयाबाईकडे."

सुभद्रा हातातलं निवडणं ठेवून उभी राहिली. दादारावच्या बायकोकडे ती स्वतः तीनचारदा जाऊन आली होती. नवऱ्याला चल म्हणून म्हणून ती थकली होती. "मी येऊ?"

"नको."

सरकारी क्वार्टर सुटल्यावर गयाबाई चौक नावाच्या जुन्या वस्तीत राहायला गेली होती, चिकन-भरतकामाच्या कपड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामामागे, एका खोलीत. रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंतच गेली. पुढे चालत जाताना दोन्ही बाजूंना कुर्ते टांगलेले, भरतकामासाठी छापलेली निळी रेघ अजून न धुतलेले. गयाबाई उंबऱ्यात उजेडाला बसून टाके घालत होती. भरतकाम ती शेजारणीकडून शिकली होती. मुलगी हेमा, तेरा वर्षांची, आत भिंतीला टेकून वाचत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली दादारावचा खात्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो.

"जयभीम, वहिनी."

तिने मान वर केली. सुई कापडात तशीच राहिली. "या, भाऊ," ती म्हणाली, पण सरकली नाही. तो बाहेरच्या पायरीवर बसला.

काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. जे झालं होतं ते त्याने झालं तसं सांगितलं, एखाद्या बिघडलेल्या इंजिनाची हकीकत सांगावी तसं. नळी तांब्याची होती, मी केली. पकड लावायला हवी होती, लावली नाही. तो गुरुवारी सांगायला आला, मी सोमवार म्हणालो. सही माझी आहे. सांगताना आपला आवाज सपाट येतो आहे हे त्याला ऐकू येत होतं, आणि तो बदलता येत नव्हता.

गयाबाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मले माहीत होतं."

श्रीपतने वर पाहिलं.

"गुरुवारी घरी येऊन तेच म्हणाले मले. श्रीपत भाऊ सोमवारी येऊन राहिले, मग काही भेव नाही." ती फोटोकडे बघत नव्हती, त्याच्याकडेच बघत होती. "इस्पितळातही तेच. आज कोणता वार आहे, आज कोणता वार आहे. मी म्हणे सोमवार आहे, तर म्हणे मग भाऊ पंपावर आले असतील, त्याईले सांग तोटी बंद केली म्हणून."

गल्लीतून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. त्याला वाट द्यायला श्रीपतने पाय आखडून घेतले.

"पाच महिने झाले," गयाबाई म्हणाली. "वाटलं, दहा दिवसांनी येतील. मग वाटलं, महिन्यानं येतील. काहून नाही आले?"

"काही वाटतच नव्हतं, वहिनी. आताही वाटत नाही."

हे खरं होतं, पण बोलून झाल्यावर ते केवढं वाईट वाक्य आहे हे त्याला कळलं. गयाबाईने मात्र ते नुसतं ऐकून घेतलं.

आतून हेमा बोलली. पुस्तक तिने मिटलं होतं. "स्कूल में सब कहते हैं तेरे पापा बीड़ी से जले. मैडम ने भी कहा." तिला मराठी सगळं समजे, पण बोले ती हिंदीतच. "पापा तो बीड़ी छूते भी नहीं थे. किसी के पास हो तो उठकर चले जाते थे."

"हो," श्रीपत म्हणाला.

"तो लिखा क्यों?"

गयाबाईने मुलीला गप्प केलं नाही. तिने सुई कापडातून काढली, दोरा तोडला आणि कुर्ता घडी करून बाजूला ठेवला.

"मले सांगून काय होते, भाऊ? मले तर माहीतच होतं. त्याईच्या नावावर बीडी लिहिली ना, ती काढा. जिथं लिहिली तिथं लिहून द्या. तुमाले रडता येत नसन तर नका रडू. लिहिता तर येते?"

चहा तिने विचारला नाही. तो उठला तेव्हा ती दुसरा कुर्ता पुढ्यात ओढत होती.

दुसऱ्या दिवशी श्रीपत सकाळीच पंपावर गेला आणि तेलाची नळी जोडायला बसला. त्याने घाई केली नाही. तेल घ्यायचं ते गाळून झाल्यावरचं, जिथे दाब पुरा असतो तिथून. त्याने तिथलं बूच काढलं, नळीचा जोड बसवला. नळी धुराच्या नळकांड्यापासून वीतभर लांबून फिरवली, मध्ये सैल वळसा ठेवला, आणि दोन ठिकाणी रबर घालून पकडी आवळल्या. तेल परत खाली जाणारा रुंद पाइप सरळ उतरता आहे, कुठे पोक नाही, हे दोरीला ओळंबा बांधून पाहिलं. मग कुपीने टर्बोच्या तोंडात तेल ओतलं आणि पंखा बोटाने फिरवला. पंखा आवाज न करता फिरला.

"अब चालू करें?" रामआसरेने विचारलं.

"अभी नहीं. डीज़ल बंद रखो और सिर्फ़ घुमाओ. जब तक नीचे से तेल न निकले, इंजन को आग नहीं देनी."

रामआसरेने इंजिन नुसतं फिरवलं. खालच्या पाइपचं तोंड श्रीपतने उघडं ठेवून तिथे डबा धरला होता. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा एक थेंब आला, मग धार लागली. त्याने पाइप जोडला आणि मान हलवली. इंजिन सुरू झालं. अर्धा तास मंद, मग थोडा भार, मग पुरा. कालव्याचं पाणी वरच्या पाटात चढलं, तेव्हा शेतात उभ्या असलेल्या दोघातिघांनी ओरडून हात वर केले. श्रीपत नळीच्या जोडावर बोट फिरवत होता. बोट कोरडं होतं. त्याने परत फिरवलं.

"अरे मिस्त्री जी, हाथ!"

रामआसरेने त्याचा दंड धरून ओढलं. मनगटाची बाहेरची बाजू तापलेल्या नळकांड्याला टेकली होती आणि कातडी पांढरी पडली होती. श्रीपतने ती पाहिली. दुखायला हवं होतं. रामआसरे त्याला पाटाकडे ढकलत घेऊन गेला आणि हात पाण्यात धरला. "लगता नहीं क्या आपको?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "लगता नहीं?"

"रुको," श्रीपत म्हणाला. "बंद करने से पहले पाँच मिनट धीमा चलाना. हर रोज़. एकदम बंद किया तो पंखा बिना तेल के घूमता रहेगा. और ज़रा भी गंध आए, ज़रा भी, तो बंद कर देना. किसी सोमवार की राह मत देखना."

रामआसरेला शेवटचं कळलं नाही, पण त्याने हो म्हटलं.

संध्याकाळी घरी बसून श्रीपतने तीन पानं लिहिली. हिंदीत, कारण वाचणारे हिंदीचे होते. अडेल तिथे त्याने शब्द मोठ्या मुलीला, मायाला, विचारले. दुसऱ्या पानावर ती शब्द सांगायची थांबली आणि बापाच्या खांद्यावरून वाचत राहिली. त्याने तिला हटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं घेऊन तो पेंडसे साहेबांपुढे उभा राहिला. साहेबांच्या टेबलावर घराचा नकाशा पसरला होता. गोमती नगरात त्यांनी प्लॉट घेतला होता आणि बांधकाम सुरू व्हायचं होतं. त्यांनी पानं वाचली, परत पहिल्यापासून वाचली, आणि उठून दार लावून घेतलं.

"हे कशाला आता, श्रीपत? सगळं मिटलंय."

"तेलाची नळी सुस्थितीत नव्हती, साहेब."

"पण खाली सही तुमची आहे. खोटी सही केली म्हणून पहिले तुम्ही जाल."

"हो. तेही लिहिलंय, दुसऱ्या पानावर."

"आणि मी सांगितलं म्हणून केली, हेही लिहिलंय." साहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी तुम्हाला कधी परका मानलं का हो? इतक्या लांबच्या गावात आपण दोघंच..." ते थांबले. "काय हवंय तुम्हाला?"

"मला काही नको. बीडी काढायची आहे."

"ही पानं माझ्याकडे राहू देत. बघू."

"राहू द्या, साहेब. दुसरी प्रत मुख्यालयाला गेली. सकाळी हजरतगंजच्या पोस्टातून रजिस्टर केली."

पेंडसे साहेब खुर्चीत बसले. बराच वेळ ते नकाशाचा मुडपलेला कोपरा बोटाने सरळ करत राहिले. श्रीपतला त्यांचा राग आला नाही, कीवही आली नाही. तो परवानगी घेऊन बाहेर आला आणि खाली एका जीपचा क्लच उघडून ठेवला होता, तिकडे गेला.

नवी चौकशी मे महिन्यात झाली. मुख्यालयाहून आलेल्या अधिकाऱ्यांनी श्रीपतला दोन दिवस प्रश्न विचारले. नळीचा तुकडा केव्हाच भंगारात गेला होता, पण स्वतःच्या गळ्यात दोष घेणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. जुलैत निकाल आला. दादाराव गजभिये यांच्याकडून कोणतीही चूक झाली नाही, त्यांनी जिवावर उदार होऊन टाकी बंद केली, असं त्यात लिहिलं होतं. बीडीचं वाक्य रद्द झालं. गयाबाईला खात्याच्या कार्यालयात नोकरीवर घ्यावं अशी शिफारस होती, आणि खात्याने ती मानली. पेंडसे साहेबांची झाशीला बदली झाली. श्रीपतची हेड फिटरची जागा गेली आणि त्याला स्टोअरला टाकलं, नटबोल्ट मोजून द्यायला. इंजिनाला हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम होता.

निकालाची नक्कल घेऊन तो चौकात गेला. हेमाने ती दारात उभं राहून मोठ्याने वाचली, एकेक शब्द सावकाश, आणि शेजारच्या खोल्यांतल्या बायका ऐकायला बाहेर आल्या. "जिवावर उदार" या अर्थाचे हिंदी शब्द आले तिथे ती अडखळली. ती थांबली आणि ती ओळ तिने परत वाचली. गयाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. वाचून झाल्यावर तिने कागद घेतला, फोटोखाली ठेवला आणि दाराशी आली.

"कामावर कधीपासून जायचं म्हणाले?"

"पहिल्या तारखेपासून, वहिनी. दहा वाजता. मुख्य फाटकानं नका येऊ, बाजूच्या दारानं या. जवळ पडते."

"बरं."

तिने हात जोडले. "जयभीम." त्यानेही जोडले.

घरी सुभद्रा वाट पाहत होती. "काय म्हणाल्या?"

"कामावर येऊन राहिल्या. पहिल्या तारखेपासून."

"आनखी?"

"काही नाही."

सुभद्राने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो कॉटवर बसला, बूट काढले, आणि तसाच बसून राहिला. मायाने पंखा लावला. आता बरं वाटायला हवं, असं त्याला वाटलं. मग स्टोअरमध्ये तीन आकारांचे नट एकाच पेटीत मिसळलेले आहेत, उद्या ते आधी वेगळे करावे लागतील, एवढा एक विचार मनात आला. तो मायाला म्हणाला, "एक जुनी चाळणी असन तर दे मले, उद्या न्यायची आहे," आणि ती शोधायला आत गेली.